आवाज उरला, हात उरेल काय?

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत दोन वस्तू हमखास सापडतात. एक, दिवाणखान्यातली सयाजीराव महाराजांची तसबीर. आणि दुसरी, कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात रचून ठेवलेल्या दहावीस व्हिडिओ कॅसेट. मुंज, लग्न, साठीशांत, वाड्यातला गणेशोत्सव, कोजागरीची बैठक, असे काय काय त्यांत असते. त्या लावून पाहण्याचे यंत्र मात्र आता क्वचितच एखाद्या घरी असते. मग केव्हातरी शिकवणीला आलेल्या मुलाचे आजोबा विचारतात, “मास्तर, या कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घ्यायच्या आहेत. घरी कोणते यंत्र घ्यावे?”

हा प्रश्न गाण्याच्या मास्तराला का विचारावा, असे कोणास वाटेल. परंतु विचारतात खरे. कारण पुष्कळशा कॅसेटींत कोठे ना कोठे गाणेबजावणे असते, आणि तो गवई कोण, तबल्यावर कोण बसले आहे, हे ओळखायला शेवटी आमच्यासारख्याकडेच यावे लागते. म्हणून या विषयावर माझे जे मत झाले आहे, ते एकदा सविस्तर मांडावे असे ठरवले. ते मत थोडक्यात असे : यंत्र घ्यावे, जुने का होईना पण पारखून घ्यावे, ते स्वतः चालवावे, आणि हे काम पुढल्या वर्षावर टाकू नये.

आमच्या शहराला संगीताचा वारसा आहे हे बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली येथे गायनशाळा निघाली. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती येथेच. फैयाज खाँसाहेबांनी १९५० साली देह ठेवला तोही येथेच. परंतु या वारशापैकी आज आपल्या हाती काय आहे, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मौलाबक्ष १८९६ साली वारले आणि हिंदुस्थानात गाण्याच्या तबकड्या भरू लागल्या त्या १९०२ सालापासून. तेव्हा त्यांच्या आवाजाचा प्रश्नच उरला नाही. फैयाज खाँसाहेबांचे गाणे मात्र आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत ते दाटीवाटीने बसले आहे, काही रेडिओच्या ध्वनिमुद्रणांत आहे. आजचा विद्यार्थी ते ऐकू शकतो, आणि त्यातून काही घेऊही शकतो.

हे झाले गवयांचे. साथीदारांचे काय? जुन्या तबकडीत तबला गाण्यामागे कोठेतरी टकटक करीत असतो. ठेका कोणता हे कळते; पण तो हात कसा पडला हे कळत नाही. आणि आमच्या विद्येत हातच सर्व काही आहे. ‘ते’ हा बोल मधल्या एका बोटाने वाजवला की तीन बोटे जोडून, ‘धिरधिर’ला पंजा कोठून कोठे वळला, डग्ग्यावर मनगट किती दाबले, या गोष्टी कानाने पुरत्या समजत नाहीत. त्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. तबल्याचे एकेक घराणे म्हणजे हात ठेवण्याची एकेक रीत असते. आवाज उरून हात गेला, तर निम्मे घराणे गेले असे मी समजतो.

येथे काळाने आपल्यावर एक उपकार केला आहे, तो ध्यानात घेण्यासारखा आहे. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या सुमारास दरबारी नोकरीत जी विशी-पंचविशीतली मंडळी होती, त्यांची साठी जवळ आली ती १९८०च्या दशकात. आणि नेमका त्याच वेळी, १९८२च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन देशात आले, पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि लग्नामुंजीला कॅमेरावाला बोलावण्याची पद्धत पडली. म्हणजे ज्यांनी दरबार स्वतः पाहिला, त्यांचे वाजते हात टिपण्याची सोय झाली ती त्यांच्या उतारवयात, जेमतेम दहापंधरा वर्षांसाठी. त्यानंतर ती माणसे गेली. त्यांचे हात जर आज कोठे असतील, तर ते कोणा संग्रहालयात नाहीत. ते रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, सलाटवाड्यात, आपल्या वरच्या खणात आहेत.

माझे वडील त्यांपैकीच एक. संस्थानच्या शेवटच्या वर्षांत ते दरबारात तबल्याच्या साथीला होते. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यामुळे मी त्यांच्याकडे शिकलो तोवर त्यांच्या सांध्यांनी संप पुकारला होता, आणि ते बरेचसे तोंडानेच शिकवीत. त्यांचा भरात असलेला हात मी नीट पाहिला तो ते गेल्यावर, एका ओळखीच्या घरातून मिळालेल्या १९८९ सालच्या गणेशोत्सवाच्या कॅसेटमध्ये. तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये त्यांचा स्वतंत्र तबला बारा मिनिटे आहे, आणि त्या बारा मिनिटांत कॅमेरा त्यांच्या हातांवर स्थिरावला आहे तो फार तर चार मिनिटे. एरवी तो हार घालणाऱ्या पाहुण्यांकडे वळलेला असतो. पण त्या चार मिनिटांत मला दिसले की, संथ लयीत ते ‘ते’ एकाच बोटाने काढीत आणि लय चढली की कोणाच्या ध्यानातही न येता तीन बोटांवर जात. तो सांधा कोठे बदलतो, हे सांगून शिकवता आले नसते. आता मी ती चार मिनिटे विद्यार्थ्यांना दाखवतो.

तेव्हा या कॅसेटींची किंमत काय, हे सांगून झाले. आता मुदत पाहू. व्हिडिओची फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला चुंबकीय लेप. लेप सुटतो, फीत ताणली जाते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरते. तरीही फीत माणसापेक्षा चिवट निघते. आधी संपतात ती तिला वाजवणारी यंत्रे. फुनाई या जपानी कंपनीने २०१६च्या जुलैत व्हीसीआर बनवणे थांबवले. नवे व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी होती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहाने २०१५ सालीच बजावले होते की, चुंबकीय फितींवरचा जो ऐवज २०२५ पर्यंत उतरवून घेतला जाणार नाही, त्यातला बहुतेक कायमचा हातचा जाईल. ते साल उजाडलेही. आता जे व्हीसीआर शिल्लक आहेत ते सारे जुने आहेत, आणि त्यांची दुरुस्ती जाणणारे कारागीर त्यांच्याहूनही दुर्मिळ होत चालले आहेत.

आता यंत्राकडे वळू. लोक डीव्हीडी रेकॉर्डर कोणता घ्यावा असे विचारतात. मी म्हणतो, आधी व्हीसीआर पाहा. तंबोरा बेसूर असेल तर गवई कितीही चांगला असो, उपयोग नाही. फितीवरून जे निघालेच नाही, ते पुढचे कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. व्हीसीआर शक्यतो हाय-फाय ध्वनीचा आणि कमी चाललेला घ्यावा. एस-व्हिडिओची पिन असेल तर उत्तम, कारण तीत उजेडाचा भाग आणि रंगाचा भाग वेगवेगळ्या तारांनी जातो. नसेल तर पिवळ्या पिनेवर भागते. हेड साफ करायला कापसाचा बोळा वापरू नये, तंतू अडकून हेडच तुटते. आणि बुरशी धरलेली कॅसेट चुकूनही आत घालू नये; ती यंत्राला लागते आणि यंत्रातून पुढच्या निरोगी कॅसेटला लागते.

ध्वनीविषयी एक गोष्ट आम्हा संगीतवाल्यांनी विशेष जाणून घ्यावी. साध्या व्हिडिओ कॅसेटमध्ये आवाज फितीच्या कडेच्या अरुंद पट्टीवर असतो, आणि आपल्या पद्धतीत ती फीत सेकंदाला सुमारे २३.४ मिलिमीटर सरकते. गाण्याची साधी ऑडिओ कॅसेट सरकते ती सुमारे ४७.६ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट. म्हणूनच लग्नाच्या कॅसेटमधली सनई गळा बसल्यासारखी वाटते. हाय-फाय व्हीसीआरमध्ये आवाज फिरत्या हेडने फितीत खोलवर उमटतो आणि तो पुष्कळच निर्मळ असतो. पण मूळ चित्रीकरणच साध्या कॅमेऱ्याचे असेल तर हाय-फाय यंत्राने तो येणार नाही. अशा वेळी कडेच्या पट्टीवरचा आवाज जसा असेल तसाच घ्यावा लागतो; ट्रॅकिंगची कळ फिरवून तो सुधारत नाही, तिने चित्र तेवढे सुधारते. 

मग रेकॉर्डर. पहिला डीव्हीडी रेकॉर्डर पायोनियर कंपनीने १९९९च्या अखेरीस जपानात आणला आणि पुढच्या दहा वर्षांत पुष्कळ कंपन्यांनी ते बनवले. आपल्या बाजारात आता नवा मिळणे संपल्यासारखेच आहे, तेव्हा जुन्यातूनच निवड करायची. त्यात चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चित्राची लय सांभाळण्याची ताकद. जुन्या फितीतून येणाऱ्या चित्राची प्रत्येक ओळ वेळेवर सुरू होत नाही. एखादी लवकर, एखादी उशिरा. त्यामुळे चित्राचा वरचा काठ झेंड्यासारखा फडफडतो. हे म्हणजे ठेका डगमगण्यासारखे आहे. काही रेकॉर्डर प्रत्येक ओळ पुन्हा समेवर आणून ठेवतात. पॅनासोनिकच्या २००५-०६च्या सुमाराच्या ईएस१० आणि ईएस१५ या नमुन्यांचे नाव या गुणासाठीच जाणकार घेतात. कित्येक जण त्यांवर मुद्रणही करीत नाहीत, नुसते चित्र त्यांतून पार करून पुढच्या यंत्राला देतात. विकत घेण्याआधी आपली सर्वांत वाईट कॅसेट घेऊन जावे आणि लावून पाहावे. चांगली कॅसेट कोठेही चांगलीच दिसते.

दुसरी, आत हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर मिळाल्यास तोच घ्यावा. आपल्या साध्या कॅसेट १८० मिनिटांच्या. एका चकतीवर चांगल्या प्रतीचे मुद्रण मावते दोन तासांचे. हार्ड डिस्क नसेल तर दोन तास झाले की यंत्र थांबते, मग तेथे ख्याल चालू असो की मंगलाष्टके. हार्ड डिस्क असली म्हणजे सबंध कॅसेट एका दमात घ्यावी आणि नंतर राग संपेल तेथे विभागून दोन चकत्यांवर भरावी.

तिसरी गोष्ट मुद्रणाच्या वेळेची, आणि येथेच बहुतेकांची काटकसर नडते. रेकॉर्डरमध्ये एका चकतीवर एक तास, दोन तास, चार तास, सहा किंवा आठ तास अशा पायऱ्या असतात. चकती साऱ्यांची तीच, ४.७ गिगाबाइटची, वेळ वाढवला की चित्र पातळ होते. तालमीचे किंवा स्वतंत्र वादनाचे मुद्रण एक तासाच्या पायरीवर करावे, बाकीचे दोन तासांच्या. चार तासांना बहुतेक यंत्रे चित्राची रुंदीतली बारकी निम्मी करतात. सहा-आठ तासांना तर पुष्कळ यंत्रे उभी बारकीही निम्मी करतात, आणि त्यात हालचालच अर्धी होते. हे जरा उलगडून सांगतो. आपल्या पद्धतीचे दूरदर्शनचे चित्र सेकंदाला २५ वेळा बदलते असे म्हणतात. पण त्यातले प्रत्येक चित्र दोन अर्धांनी, एकाआड एक ओळींनी बनते, आणि कॅमेऱ्याने हे दोन अर्ध वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असतात. म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० क्षण आपल्या पदरात असतात. आता द्रुत लयीत तबलजी सेकंदाला बारा आघात सहज करतो. ५० क्षण असतील तर प्रत्येक आघाताच्या वाट्याला चार क्षण येतात : पंजा उचलला, वळला, पडला, सुटला. २५च असतील तर दोन : पंजा वर, पंजा खाली. मधला वळसा गेला. आणि शिकण्यासारखा तर तोच असतो.

चौथी, विजेची आणि देशाची पद्धत. आपल्या शहरात असे घर विरळा की ज्यातला एक मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नाही. ती प्रेमाने तिकडून यंत्र आणतात. ते तिकडच्या १२० व्होल्टवर चालते. आपल्या भिंतीत सरळ खोचले तर जळते. शिवाय तिकडची पद्धत ५२५ ओळींची, आपली ६२५ ओळींची. तिकडचे बहुतेक रेकॉर्डर आपल्या कॅसेटचे चित्र घेतच नाहीत. उलट, नातवाच्या बारशाची तिकडून आलेली कॅसेट असेल तर ती तिकडच्या पद्धतीच्या यंत्रावरच उतरवावी. दोन्ही पद्धती एका तराजूत तोलू नयेत. आणि कोणतीही चकती भरून झाली की ती ‘फायनलाइज’ करण्यास विसरू नये. नाहीतर दुसऱ्या यंत्रावर ती कोरीच दिसेल.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारात शे-पाचशेचे, अंगठ्याएवढे यंत्र मिळते. ते संगणकाला लावले की काम झाले. मी ती पाहिली आहेत. संगणकाची चांगली, महागडी साधने डीव्हीडी रेकॉर्डरहून सरस काम देतात हे मी मान्य करतो; ज्यांच्या घरी ती चालवणारा तरुण आहे त्यांनी ती जरूर वापरावीत. पण स्वस्तातली साधने फितीचे चित्र जरा डगमगले की मधलीच चित्रे गाळतात, आणि मग आवाज आणि चित्र यांची जोडी फुटते. भाषणात ते खपून जाते. तबल्यात हात आधी पडतो आणि बोल मागून येतो, असे झाले तर ते पाहणे म्हणजे शिक्षा आहे. त्या मानाने बरा रेकॉर्डर ही जोडी शेवटपर्यंत सांभाळतो, आणि सत्तरीच्या गृहस्थालाही दोन कळा दाबून तो चालवता येतो. घरासाठी मी त्याची बाजू घेतो ती एवढ्यासाठीच.

दुसरा आक्षेप : दुकानात द्यावे, पैसे टाकावेत, मोकळे व्हावे. बुरशी धरलेली, तुटलेली कॅसेट जाणत्या कारागिराकडेच द्यावी, याविषयी दुमत नाही. परंतु वर सांगितलेली १९८९ची कॅसेट त्या घरच्यांनी प्रथम एका दुकानातच दिली होती. तीन तासांचा ऐवज पन्नास मिनिटांचा होऊन परत आला. हार घालणे सबंध होते, आरती होती, आणि सुरवातीला चित्रपटातल्या गाण्याची धून जोडलेली होती. स्वतंत्र तबला नव्हता. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले, “तो भाग कंटाळवाणा होता, म्हणून काढला.” त्याच्या दृष्टीने ते खरेच होते, त्याच्यापुढे रोज दहा लग्ने येतात. मूळ कॅसेट घरात राहिली होती म्हणून निभावले. पण यावरून एक सूत्र निघते ते असे की, काय ठेवावे आणि काय गाळावे हा निर्णय परक्याच्या हाती देऊ नये. आणि खरे म्हणजे तो आज आपणही घेऊ नये. सबंध उतरवावे. तंबोरे लावण्याची दहा मिनिटे, मध्येच कोणी चहा आणतो ते, पडदा ओढणारा मुलगा, सगळे. तीस वर्षांपूर्वी कॅमेरावाल्याला जे फालतू वाटले तेच आज आपण शोधतो आहोत. आज आपल्याला जे फालतू वाटते ते पुढचा कोणी शोधील.

डीव्हीडी झाली म्हणजे काम संपले, असेही समजू नये. घरी भरलेल्या चकतीत माहिती रंगाच्या थरात उमटते, आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने, काळाने उडतो. चकत्या बनवणारेही हा धंदा सोडीत आहेत : ब्लू-रेच्या कोऱ्या चकत्या पॅनासोनिकने २०२३ साली आणि सोनीने २०२५ साली बनवणे थांबवले. तेव्हा चकती ही वाटेतली धर्मशाळा समजावी. तेथून तो ऐवज जसाच्या तसा, पुन्हा दाबून लहान न करता, संगणकावर घ्यावा; एक प्रत घरी, दुसरी दुसऱ्या गावच्या मुलाकडे ठेवावी. आणि मूळ कॅसेट टाकू नये. ती उभी करून, कोरड्या जागी, दूरदर्शन संचाच्या आणि ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर ठेवावी. उद्या याहून चांगले यंत्र कोणापाशी निघाले, तर पुन्हा मुळाकडे जाता आले पाहिजे.

आता जे सांगायचे आहे त्याला यंत्र लागत नाही. मी उतरवलेल्या कॅसेटींत उत्तम वाजवणारे असे काही हात आहेत की ज्यांचे नाव मला आजतागायत कळलेले नाही. गवयाचे नाव फलकावर असते. हार्मोनियमवाल्याचे, तबलजीचे नसते. ज्या घरात बैठक झाली तेथे तेव्हा पंचविशीत असलेल्या सूनबाई आज साठी ओलांडून गेल्या आहेत. त्यांना विचारले तर त्या चटकन सांगतात, “हे अमक्यांचे मेहुणे, पाणी दरवाज्यापाशी राहायचे.” हे सांगणारे आणखी दहा वर्षांनी कोण असेल? फितीचा लेप उडतो तशीच आठवणही उडते, आणि तिला उतरवून घ्यायचे यंत्र निघालेले नाही. नाव, साल, जागा, राग, ताल, साथीला कोण, हे कागदावर लिहून त्या कॅसेटच्या डबीत घालावे. चित्र असून नाव नाही, असा हात म्हणजे बेवारस हातच.

शेवटी खर्चाचे. चांगला व्हीसीआर आणि रेकॉर्डर प्रत्येक घराने घ्यावा, हे मी सांगत नाही. दहा घरांनी मिळून एक जोडी घ्यावी. गणेशोत्सवाच्या वर्गणीतला एखादा भाग मंडळांनी या कामी लावावा. एका घरच्या कॅसेट महिन्या-दोन महिन्यांत सहज उतरतात, की यंत्र पुढच्या घरी जावे. मखरावर आणि ध्वनिवर्धकांवर जे उधळले जाते त्याच्या पुढे ही रक्कम काहीच नाही. मात्र एक पथ्य पाळावे : कोणाच्या घरची बैठक कलावंताच्या घरच्यांना विचारल्यावाचून चारचौघांत वाटू नये. त्यांना एक प्रत आपण होऊन नेऊन द्यावी. त्यांच्याकडे बहुधा एकही नसते.

संस्थान होते तोवर हे जपण्याची जबाबदारी दरबारची होती, आणि ती त्याने आपल्या परीने निभावली. आता दरबार नाही. ज्यांच्या खणात कॅसेट आहेत तेच आता आश्रयदाते. दिवाळीच्या साफसफाईत या कॅसेट पस्तीवाल्याच्या टोपलीत जातात, हे मी दरवर्षी पाहतो. यंदा त्या खाली काढाल तेव्हा दारापर्यंत नेऊ नका. पुसून घ्या, बुरशी नाही ना ते उजेडात पाहा, वही आणि पेन्सिल जवळ ठेवा, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला शेजारी बसवून पहिली कॅसेट लावा.